"मिळत न्हाई" म्हटल्यावर काय करायचं? कोल्हापुरात जुन्या गाडीच्या इंजिनाचे पार्ट शोधताना

जुनी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. घरातून, "हे भंगार कशाला आणलंस?" आणि दुकानातून, "हिचं आता काय मिळत न्हाई बघा." पहिल्या वाक्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. दुसऱ्यावर मात्र आहे, आणि ते मला बरेच पैसे घालवून मिळालंय.

माझ्याकडे साठच्या दशकातली फियाट ११०० डिलाइट आहे. तिचं इंजिन उतरवून पुन्हा बांधताना एक गोष्ट कळली. दुकानात गाडीचं नाव सांगून पार्ट मागितला की "नाही" येतं. तोच पार्ट माप सांगून मागितला की निम्म्या वेळा समोर येतो. उरलेल्यातला बराचसा उद्यमनगरात, म्हणजे आपल्या गावातल्या कारखान्यांच्या वस्तीत, करून मिळतो. ज्यांनी नुकतीच फियाट, ॲम्बॅसेडर, हेराल्ड किंवा जीप घेतली आहे आणि पान्हा कुठला कुठं लागतो तेही अजून कळायचंय, त्यांच्यासाठी हे क्रमवार लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. मी तो उलटा धरला होता.

आधी इंजिन ओळखा, गाडी नव्हे

बॉनेटवरच्या नावावर विश्वास ठेवू नका. पेट्रोल परवडेना म्हणून एके काळी कितीतरी जणांनी जुन्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवून घेतली. काहींनी मूळ ब्लॉक फुटल्यावर मिळेल तो ब्लॉक टाकला. म्हणून आरसी बुक घेऊन गाडीजवळ उभे राहा आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर पुसून वाचा. तो जुळत नसेल तर पुढचं काम कागदापासून सुरू होतं. त्याबद्दल शेवटी सांगतो.

नंबर जुळला की त्या इंजिनाचे भाऊबंद शोधा. ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ८८.९, म्हणजे इंचात बरोबर साडेतीन. याच घराण्याचं इंजिन एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं, मॉरिस ऑक्सफर्ड आणि ऑस्टिन केंब्रिजमध्येही होतं. एमजीचे शौकीन जगभर आहेत, त्यामुळे त्या इंजिनाचे पिस्टन, बेअरिंग, टायमिंग चेन इंग्लंडात आजही नवे बनतात. ॲम्बॅसेडरवाल्याने "ॲम्बॅसेडर" हा शब्द सोडून "बी-सीरिज १४८९" म्हणून शोधायला सुरुवात केली की एकदम मोठं दार उघडतं.

फियाटवाल्यांचं दार मात्र जपून उघडावं लागतं. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली ११०० डिलाइट आणि पुढची पद्मिनी, दोन्हींचं इंजिन १०८९ सीसी. बोअर ६८, स्ट्रोक ७५. इटलीत ११०० डी नावाची गाडी होती, दिसायला अगदी आपलीच. मी इंटरनेटवर बघितलं, नाव तेच, फोटो तोच. चार पिस्टनांचा सेट मागवला, कस्टम भरलं, तीन आठवडे वाट बघितली. सेट घेऊन मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी एक पिस्टन हातात घेतला, माझ्या बोअरवर नुसता धरला आणि म्हणाले, "ह्यो वरच बसतोय की. आत कसा घालायचा?"

इटलीतली ११०० डी १२२१ सीसीची होती. स्ट्रोक तोच ७५, पण बोअर ७२. चार मिलिमीटरचा फरक. इटलीतल्या गाड्यांपैकी १०८९ सीसीच्या कुठल्या, तर आधीची ११००-१०३ आणि १९६६ पासूनची ११०० आर. त्यांच्याशी आपलं गोत्र जुळतं, तरी माप घेतल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. चूक विकणाऱ्याची नव्हती, त्यानं ७२ असं स्वच्छ लिहिलं होतं. मी माझं इंजिन उघडायच्या आधी बाजाराला गेलो होतो.

मग उघडा आणि मोजा. खरेदी अजून नाही

इंजिन उतरवून हेड काढलं की सगळे पार्ट एका पत्र्यावर मांडा, फोटो काढा, प्रत्येकाला तारेनं चिठ्ठी बांधा. पुशरॉड, टॅपेट, व्हॉल्व्ह ज्या जागेचे आहेत त्याच जागेवर परत गेले पाहिजेत. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात क्रमानं खोचून ठेवले तरी पुरतं.

बोअर मोजायला व्हर्निअर चालत नाही, बोअर गेज लागतो. तो तुमच्याकडे नसणारच. उद्यमनगरात बोरिंगचं काम करणाऱ्या कुठल्याही दुकानात ब्लॉक घेऊन जा, मापं घेऊन मिळतात. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना मोजायला सांगा. घासलेला सिलिंडर वरून रुंद होतो आणि गोल न राहता थोडा अंडाकृती होतो. सगळे आकडे कागदावर लिहून मागा. "बरा आहे" हे माप नव्हे.

आता दुकानाची भाषा. पिस्टन ओव्हरसाइझ मिळतो, बेअरिंग अंडरसाइझ. ब्रिटिश इंजिनाला ही मापं थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. "ट्वेंटीचा पिस्टन" म्हणजे वीस थाऊ मोठा, "टेनचं बेअरिंग" म्हणजे दहा थाऊ ग्राइंड केलेल्या क्रँकसाठी (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा). फियाटला मिलिमीटर. नटबोल्टांचंही तसंच आहे. ॲम्बॅसेडर आणि जीपला इंची आटे, फियाटला मेट्रिक. जवळपास बसतोय म्हणून मेट्रिक बोल्ट इंची आट्यात आवळला की ब्लॉकचा आटा गेलाच म्हणून समजा.

आधीच्या कुणीतरी बोअर किती वाढवलाय तेही इथेच कळतं. पिस्टनच्या डोक्यावर साइझ कोरलेली असते, कार्बन खरवडून बघा. शेवटच्या साइझपर्यंत गेलेला ब्लॉक टाकाऊ होत नाही. आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, मारून तो पुन्हा स्टँडर्डला आणता येतो आणि कोल्हापुरात हे रोजचं काम आहे. उलट मी म्हणेन, ज्या साइझचा पिस्टन खात्रीनं मिळतोय तो आधी हातात घ्या आणि मगच बोअर त्याच्या मापाला करा. बोरिंग आधी उरकून मग पिस्टन शोधत फिरणारे लोक मला दर वर्षी भेटतात.

तीन ढीग करा

पहिल्या ढिगात नावाशी संबंध नसलेल्या वस्तू. बॉल बेअरिंगवर नंबर असतो. ६२०३ लिहिलं असेल तर ते जगात कुठेही १७ बाय ४० बाय १२ चंच असणार, मग ते गाडीत असो की पिठाच्या गिरणीत. ऑइल सील आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी यावर मिळतं. ओ-रिंग, फॅन बेल्ट, ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांवरचे वेल्श प्लग, होज पाइप, सगळं मापावर. टायमिंग चेनसुद्धा पिच आणि कड्या मोजून यंत्रांच्या चेन विकणाऱ्याकडे जुळते का बघा. स्पार्क प्लगचा आटा १४ मिलिमीटर आहे एवढं बघून थांबू नका, आट्याची लांबीही बघा. आखूड प्लगच्या जागी लांब घातला तर तो पिस्टनला भेटायला जातो. या ढिगासाठी गाडीच्या पार्टच्या दुकानात जायचीच गरज नाही. बेअरिंग आणि सील विकणाऱ्या दुकानदाराला गाडीचं नाव सांगितलं तर तो घाबरतो, नंबर सांगितला तर काढून देतो.

दुसऱ्या ढिगात खास त्या इंजिनाचे पार्ट: पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गाइड, मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, हेड गॅस्केट, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, कार्ब्युरेटरचे जेट. हे शोधावे लागतात. तिसऱ्या ढिगात जे मिळणार नाही आणि करून घ्यावं लागेल ते.

दुसऱ्या ढिगासाठी बाजार

सुरुवात गावातूनच करा. नव्या चकचकीत दुकानात काही नसतं. तीस-चाळीस वर्षं एकाच जागी असलेल्या दुकानाच्या माळ्यावर मात्र पद्मिनीची, ॲम्बॅसेडरची खोकी धूळ खात पडलेली असतात. तिथं फोन करून काही होत नाही. जुना पार्ट हातात घेऊन जायचं, काउंटरवर ठेवायचा आणि गिऱ्हाईक ओसरेपर्यंत थांबायचं. "माळ्यावर बघाय लागंल, उद्या या" हे उत्तर होकाराच्या जवळ आहे. उद्या खरंच जा. सांगली, मिरज, इचलकरंजी आणि बेळगावातही अशीच दुकानं आहेत.

फियाटसाठी मुंबई. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तिथं एवढी वर्षं धावली की तिच्यावर जगणारा एक बाजारच उभा राहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. त्यामुळे हा माल आता वाढणार नाही, कमीच होत जाणार. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या पार्टची दुकानं आहेत. ॲम्बॅसेडर आणि जुन्या इंग्रजी गाड्यांसाठी कोलकात्याचा मलिक बाजार. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं इंजिनाचं मोठं काही मिळेल अशी आशा धरून जाऊ नका, पण कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, हॉर्न असलं किडूकमिडूक नशिबानं मिळतं. मला तिथं एकदा सोलेक्स कंपनीचा आख्खा कार्ब्युरेटर दोन जेवणांच्या पैशात मिळाला होता आणि त्यानंतर आठ खेपा रिकाम्या गेल्या.

जुना पण न वापरलेला माल घेताना डोळे उघडे ठेवा. धातूचा पार्ट तेलकागदात गुंडाळून चाळीस वर्षं राहिला तरी तसाच असतो. रबराचं तसं नाही. पेटीबंद ऑइल सील बोटानं दाबून बघा, कडक झालं असेल तर फुकट दिलं तरी नको. बुचाचं गॅस्केट आक्रसतं. बेअरिंगच्या वाट्यांवर गंजाचा ठिपका दिसला तर परत द्या. जुन्या नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात भलताच माल घालून विकणारेही आहेत, म्हणून खोकं बाजूला ठेवून पार्टवरचा ठसा वाचा.

पिस्टन दुसऱ्या गाडीचा लावायचा विचार असेल तर नुसता व्यास जुळून भागत नाही. पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची, पिनचा व्यास, डोक्याचा आकार आणि रिंगांच्या खाचा, सगळं जुळलं पाहिजे. उंची दोन मिलिमीटरनं जास्त असली तर पिस्टन हेडला धडकेल, कमी असली तर गाडी चढ चढणार नाही. चारही पिस्टन सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. रिंग घेतलीत की ती नुसती बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं) मोजा. बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे ६८ च्या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपास.

तिसरा ढीग: उद्यमनगर

इथे आपलं गाव इतरांपेक्षा पुढं आहे. शेतीच्या पंपांची आणि गुऱ्हाळांची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता शिवाजी उद्यमनगर इंजिन बनवायला शिकलं. पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या उभ्या राहिल्या आणि आज त्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांसाठी ओतकाम करतात. दसऱ्याला छत्रपतींची १९३६ ची मेबॅक दसरा चौकात येते ती बघायला आपण गर्दी करतो. तेवढी जुनी गाडी चालती ठेवायची तर कारागीर लागतोच, आणि या गावात कारागिराला तोटा नाही.

बाहेरून येणाऱ्याला एक गोष्ट कळत नाही. एकाच छताखाली सगळं होत नाही. क्रँक ग्राइंड करणारा वेगळा, बोरिंगवाला वेगळा, हेडचं फेसिंग (तोंड घासून सपाट करणं) आणि व्हॉल्व्ह सीटचं काम करणारा वेगळा, लेथवाला वेगळा, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करणारा वेगळा, ओतणारा वेगळा. या सगळ्यांना जोडणारा एक मेस्त्री धरा आणि त्याचं ऐका. त्याच्या दुकानात तुमची गाडी सगळ्यात कमी पैशाची आणि सगळ्यात जास्त डोकेदुखीची असते, त्यामुळे घाई करू नका. पण मापं कागदावर द्या, तोंडी नाही. "दोन थाऊ ढिला ठेव" हे लिहून दिलेलं असलं की नंतर वाद होत नाही.

ओतून काय करता येतं? हेडवरचा पाण्याचा एल्बो, वॉटर पंपाची बॉडी, पुली, टायमिंगचं कव्हर, थोडं धाडस असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. माझा ॲल्युमिनियमचा एल्बो गंजून चाळण झाला होता. नवशिके सगळे हीच चूक करतात: जुना पार्टच वाळूत दाबून साचा काढायला सांगतात. धातू थंड होताना आक्रसतो. बीड (ओतीव लोखंड) सुमारे एक टक्का, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. म्हणजे जुन्या पार्टच्या साच्यातून येणारा नवा पार्ट दर शंभर मिलिमीटरला एखादा मिलिमीटर लहान येतो, वर मशिनिंगला मालच उरत नाही. भोकांची अंतरं चुकतात ती वेगळीच. म्हणून पॅटर्न वाढीव मापानं करावा लागतो. पॅटर्नवाल्याकडे त्यासाठी वेगळी पट्टीच असते, जिच्यावरचे मिलिमीटर आक्रसण्याइतके मोठे आखलेले असतात. हल्ली जुना पार्ट स्कॅन करून थ्री-डी प्रिंटरवर पॅटर्न काढून देणारेही मिळतात आणि एकट्यादुकट्या पार्टला ते परवडतं.

एमआयडीसीतली मोठी फाउंड्री तुमचा एक एल्बो ओतणार नाही, तिथं विचारून वेळ घालवू नका. लहान जॉबवर्क करणारी भट्टी शोधा आणि एकाऐवजी पाच ओतून घ्या. खर्च पॅटर्नचा असतो, ओतायचा नाही. उरलेले चार फियाटवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, दोन दिवसांत जातात आणि पॅटर्नचे पैसे निघतात. काम झालं की पॅटर्न घरी घेऊन या.

लेथवर गाइड, बुश, पिन, स्टड, वॉशर, कार्ब्युरेटरचा थ्रॉटल शाफ्ट, हे सगळं होतं. तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट कापून मिळतं. जुनं हेड गॅस्केट ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते ओलं करून काढा, कोरडं खरवडून धूळ उडवू नका. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या वाट्या नसतात, व्हाइट मेटल ओतलेलं असतं. ते भरणारे हात आता थोडे राहिलेत, जुन्या ऑइल इंजिनवाल्यांत विचारा.

ब्लॉकला तडा असेल तर वेल्डिंगची घाई करू नका. बीड तापवली की शेजारी दुसरा तडा जातो. थंड पद्धतीनं धातूच्या खिट्या ठोकून शिवणं जमतंय का ते आधी विचारा.

आणि काय करून घेऊ नये? क्रँक आणि कनेक्टिंग रॉड. हे घडीव पोलादाचे असतात, त्यावर उष्णतेची प्रक्रिया झालेली असते. कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी नवा रॉड ओतून किंवा तुटलेला रॉड जोडून गाडीत घालू नका. तो एक दिवस ब्लॉकच्या बाहेर येईल. यासाठी जुना चांगला शोधायचा, तडे तपासून घ्यायचे, मग वापरायचा. तपासून आणलेला क्रँक घरी आडवा टाकून ठेवू नका, उभा ठेवा.

हेड बांधण्याआधी पेट्रोलचा विचार

तुमचं इंजिन बनलं तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं आणि ते व्हॉल्व्हच्या सीटला जपत होतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. ॲम्बॅसेडरचं हेड बिडाचं, सीट त्या बिडातच कापलेली. ती झिजत आत जाते. हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टच्या बाजूला कडक सीट बसवून घ्या. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात सीट वेगळी बसवलेलीच असते. तिथं काळजी वेगळी: तापून हेड वाकतं, दर वेळी फेसिंग होतं आणि ते पातळ होत जातं. आधी किती घासलंय ते मोजल्याशिवाय पुन्हा घासू देऊ नका.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. त्याचा अभिमान असू द्या, पण जुन्या रबराला ते सोसत नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्ब्युरेटरची सीलं इथेनॉल सोसणारी, व्हायटॉनसारख्या रबराची घ्या.

कागद

रिबोअर, स्लीव्ह, नवे पिस्टन यात इंजिन नंबर बदलत नाही. ब्लॉक बदललात तर बदलतो, आणि तो आरटीओत नोंदवून आरसीवर चढवावा लागतो. घ्यायच्या ब्लॉकची मूळ गाडी कुठली, तिचे कागद आणि विक्रीची पावती आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. चोरीच्या गाडीचा ब्लॉक तुमच्या बॉनेटखाली निघाला तर पार्ट शोधण्यापेक्षा वकील शोधणं अवघड जातं.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणून मूळ ब्लॉक तडा गेलेला असला तरी भंगारात घालू नका.

काढलेला दुसराही कुठला पार्ट टाकू नका. पुढच्या वेळी दुकानात काउंटरवर ठेवायला तोच लागतो. माझ्या माळ्यावर असे दोन खोके आहेत. तिसऱ्यात ७२ मिलिमीटरचे चार पिस्टन आहेत, पिना आणि रिंगांसकट, एकदाही न वापरलेले. कोणाकडे इटलीतून आलेली ११०० डी असेल तर या, मोजून घ्या आणि मग न्या.